सहाव्या डब्यातली फीत

मी एक जुनी चित्रफीत आहे, मित्रांनो. एका साध्यासुध्या फ्रेंच रहस्यपटाची सहावी आणि शेवटची. माझ्यात ना बंदुकांचा धडाका, ना मोटारींचा पाठलाग. धुक्यातले बंदर, भिजलेली टोपी शेगडीपाशी वाळत टाकून कांद्याचे सूप पिणारा फौजदार आणि त्याच्या टेबलाभोवती बसलेली पाच माणसे. त्यांतले खुनी कोण, हे माझ्या पाच थोरल्या बहिणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. ते गुपित माझ्या पोटात होते आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

पॅरिसमध्ये तयार होऊन आम्ही फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर आलो. तिथे दोन गावांत मिळून आमची एकच प्रत. रविवारी दुपारी आधी वरच्या गावात खेळ लागे, अर्ध्या तासाने खालच्या गावात. वरची एकेक फीत संपली की फिर्मँ नावाचा पोरगा ती मोटारसायकलवरून खाली, आपल्या थोरल्या बहिणीकडे पोचवी. ओनोरीन तिचे नाव. एकोणीस वर्षे ती खालच्या गावात चित्रपट दाखवत होती. दाखवून झालेली फीत उलटी गुंडाळून तिचे तोंड, म्हणजे सुरुवातीचे टोक, वर आणायचे, मगच डबा बंद करायचा, असा या कामातला नेम आहे.

एका रविवारची ही गोष्ट. महिन्यात दोनदा खेळ मध्येच थांबला होता. तिसऱ्यांदा थांबला तर थिएटर बंद करून सोमवारपासून इथे ट्रॅक्टर उभे करीन, असे थिएटरचे मालक तासेल यांनी बजावले होते, आणि आज ते स्वतः तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. तिला दुसरे काम येत नव्हते.

त्यात रेल्वेचे फाटक लागले. फिर्मँ धापा टाकत प्रोजेक्टरच्या खोलीचा जिना चढला, तेव्हा पडद्यावरची माझी पाचवी बहीण संपायला दोन मिनिटे उरली होती. ओनोरीनने डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. वरच्या गावच्या माणसाला लोखंडी गोळे फेकण्याच्या डावाला जायची घाई होती. त्याने मला परत उलटे गुंडाळलेच नव्हते.

"हिचं शेपूट वर आहे," ती म्हणाली.

"मग तशीच लाव की, ताई."

"म्हणजे माणसं उलटी चालतील आणि फौजदार सूप परत वाटीत ओकेल. सर बाजूला."

तिने मला चाकावर चढवले. पाच मिनिटांचे काम होते. घाई केली तर माझ्या मध्यावरचा जुना सांधा तुटणार, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. खाली पडदा पांढरा झाला. शिट्ट्या सुरू झाल्या. तासेल उठून उभे राहिले.

"बास झालं. मी सांगितलं होतं, ओनोरीन."

तिने हात न थांबवता झरोक्यातून डोके बाहेर काढले. "मान्य आहे, साहेब. पण जाताजाता एवढं सांगा, खून कुणी केला?"

तासेल घुटमळले. "वकिलानं. आंधळ्यालाही दिसेल."

"वकिलानं?" मागून पाववाली म्हणाली. "त्याला धड जिना चढवत नाही, तो मेला काय खून करतोय."

मग काय, सगळे थिएटर तुटून पडले. कुणी डॉक्टरला धरले, कुणी खानावळवालीला. तासेल सर्वांशी एकटे भांडत होते. वर ओनोरीनचे बोट माझ्या कडेवर होते. सांधा आला, हलकेच तिच्या बोटाखालून गेला. मी तुटले नाही.

दिवे मालवले, तरी तासेल उभेच. "खाली बसा," पाववाली ओरडली, आणि ते बसले. खून पियानो शिकवणाऱ्या गरीब बाईने केला होता.

खेळ सुटल्यावर तासेल जिना चढून आले. ओनोरीन मला गुंडाळत होती. "पुढच्या रविवारी काय आहे?" त्यांनी विचारले.

"खुनाचाच आहे, साहेब."

"त्यात वकील नसला तर बरं."

मित्रांनो, त्याला आता खूप वर्षे झाली. थिएटरच्या तळघरात पाणी शिरले आणि माझ्या पाचही बहिणी गेल्या. मी एकटी फिर्मँच्या माळ्यावर आहे; अंगाला आंबूस वास येतो. खुनी कोण ते मला ठाऊक आहे, पण खून कुणाचा झाला हे सांगणारे कुणी उरले नाही. याचे फार वाईट वाटते. तुम्ही एवढेच करा, हातातले काम संपले की ती वस्तू पुढच्या माणसासाठी नीट लावून ठेवा. ओनोरीनने शेवटच्या खेळानंतरही मला गुंडाळून ठेवले होते, पुढचा खेळ नाही हे माहीत असूनही. माझे तोंड अजून वर आहे.