पारण्याची वाटी

नीरजाने वाटी उचलली. खालच्या कागदावर हिरवट गोल ठसा होता, पण ज्या अळंबीने तो उमटवला ती जागेवर नव्हती.

काल शाळेतल्या शिक्षकांबरोबर ती मिर्झापूरकडच्या डोंगरात चढायला गेली होती. वारुळाशेजारी तिला पांढरी अळंबी दिसली, तिथले लोक खातात तशीच. एक सहकारी म्हणाले, "रातभर कागज पर उल्टी रखिए, मैडम. हरा निशान पड़ा तो जहर समझिए." कांदासुद्धा न चालणाऱ्या स्वयंपाकघरात अळंबी न्यायची सोय नव्हती, म्हणून तिने ती ओसरीवरच्या कोनाड्यात वाटीखाली झाकली.

घरात तिच्याखेरीज फक्त सासरे, ढुंढिराज, म्हणजे अण्णा. कालची एकादशी करून ते पहाटेच गंगेवरच्या पंचगंगा घाटावर स्नानाला गेले होते. नीरजाला एकदम आठवलं. दर एकादशीच्या रात्री सासूबाई, अन्नपूर्णाबाई, त्यांच्या पारण्यासाठी मलई गिलौरी याच कोनाड्यात वाटीखाली झाकून ठेवायच्या. सायीची ती पांढरी, मऊ मिठाई अण्णांचा जीव की प्राण. सासूबाई गेल्यापासून तिथे वाटी उपडी पडली नव्हती. त्यात अण्णांना मोतीबिंदू.

ती अनवाणीच धावली. मंगला गौरीची गल्ली, मग पायऱ्या. गंगा बरीच वर चढली होती. अण्णा वरच्याच पायरीवर ओलेत्याने बसले होते, गमछ्याची गाठ सोडलेली, तळहातावर ते पांढरं.

"अण्णा, टाका ते! खाल्लंत का?"

"अगं, हळू. खाईन कसं? पारण्याची वेळ कुठे झालीय अजून?"

नीरजाचा जीव भांड्यात पडला. अण्णा पंचांग पाहिल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत, असं ती आजवर हसत सगळ्यांना सांगत आली होती. आता तिने ती अळंबी हिसकावून ओढणीत बांधली, त्यांचे हात चोळून चोळून धुतले आणि तिथेच बसून रडायला लागली.

"जंगली अळंबी आहे अण्णा ही. जहरी."

अण्णांनी रिकामा गमछा झटकला.

"मला वाटलं, तू ठेवलीस," ते म्हणाले. मग जरासे हसले. "केशराचा वास येईना. म्हटलं, हल्ली घालत नसतील."

घरी येऊन त्यांनी वरणभातावर उपास सोडला.

पुढच्या द्वादशीला ते घाटावरून परतले तर कोनाड्यात नवी वाटी उपडी होती. त्यांनी ती उचलली, वाकून वास घेतला. केशर होतं. स्वयंपाकघराच्या दारातून नीरजा बघत होती.

अण्णांनी पंचांग उघडून डोळ्यांजवळ धरलं. वेळ व्हायला अजून थोडा अवकाश होता. गिलौरी समोर ठेवून, मांडी घालून, ते वाट बघत बसले.