ब्रेकबाईंचा आवाज माझ्यात होता

मित्रांनो, आता मला कोणी वायर जोडत नाही. जोडली तरी मी काही सांगू शकणार नाही. टेबलाच्या खणात, एका चंदेरी पिशवीत पडून असलेली मी एक बंद पडलेली हार्ड डिस्क आहे. माझ्यावर जे गुदरलं त्याला बरेच महिने झाले, पण ती दुपार आठवली की अजून मन थाऱ्यावर राहत नाही.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, फक्त त्यांचे डोळे दिसत. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या बसवल्या आणि चकत्यांवर लिहायला-वाचायला मला बारीक हात दिले. मी चालू झाले की चकत्या भिरभिरत आणि माझे हात त्यांच्यावरून न टेकता फिरत. मधलं अंतर केसापेक्षाही कितीतरी कमी. हात चकतीला टेकले तर सगळं संपलं, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. पण तशी वेळ आपल्यावर येईल असं कोणाला वाटतं?

मला विकत घेतलं ते मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या एका मुलीनं. ती कागदावर नाही, संगणकावरच रंगवायची. तिचे लंगडे कोल्हे, चष्मा लावलेली कासवं, पावसात भिजणारे पोस्टमन, सगळे माझ्याकडे मुक्कामाला असत. कोणी विचारलं की ती माझ्यावर बोट टेकवून म्हणायची, "सगळं हिच्यात आहे. मला कसली काळजी?" ते ऐकून मला फार बरं वाटायचं. पुढे पुढे माझ्या पाठीवर चहाचा कपही ठेवला जाऊ लागला. घरच्या माणसासारखीच गत म्हणायची.

त्या मुलीची आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखाली एक जादा ब्रेक ठेवायचा, हे तिचं काम. शिकणारे तिला ब्रेकबाई म्हणत. समोरचा कितीही घाबरला तरी तिचा आवाज चढत नसे. "समोर भिंत आहे. तिला घाई नाही, तुम्हीही करू नका," असं ती म्हणायची, आणि घामाघूम झालेला माणूस हसून क्लचवर पाय द्यायचा.

मग तिचा घसा बसला. बोलून बोलून बसला असेल, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं, गाडी जाईल असं नाही म्हणाले."

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणाल्या. पुढे त्यावरून एक यंत्र तयार होईल. आईनं अक्षरं टाइप केली की ते तिच्या आवाजात बोलेल. मग रोज सकाळी लेक मायक्रोफोन लावायची आणि आई वाक्यं वाचायची. आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच होता. मध्येच कागदाबाहेरचं बोलायची. "आरशात बघा. आरसा केस विंचरायला दिलेला नाही." लेक हसायची आणि तेही ठेवून द्यायची. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून सगळं माझ्यात आलं. फक्त माझ्यात. ऑपरेशनच्या धावपळीत दुसरीकडे उतरवून ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

जखम भरली. गळ्यापाशी हवा घेण्यासाठी छिद्र होतं, त्यावर आई मऊ रुमाल बांधायची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. एका दुपारी लेकीनं तो सगळा आवाज यंत्रवाल्यांकडे पाठवायला मला जोडलं. मी चालू झाले. चकत्या गरगरत होत्या. आईचा भाऊ, म्हणजे मामा, पाणी प्यायला उठले आणि वायरीत त्यांचा पाय अडकला.

मी फरशीवर आदळले. माझे हात चकतीवर टेकले.

मित्रांनो, दुखलं असं मी म्हणणार नाही. मला काही कळेचना. मी वाचायला जात होते आणि समोर काहीच नव्हतं. माझ्या पोटातून फक्त आवाज येत होता, टक, टक, टक. लेक जमिनीवर बसून राहिली. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. आई दारात उभी होती. तिला काय झालं हे सांगावं लागलं नाही.

"काही झालं नाही, मी करतो नीट," मामा म्हणाले. त्यांनी मला परत जोडलं. परत काढलं. परत जोडलं. दर वेळी माझे मोडके हात चकतीवर ओरखडे ओढत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं. मग त्यांना कुठेतरी वाचलेलं आठवलं. "फ्रीजरमध्ये ठेवायची म्हणे थोडा वेळ." तेही झालं. बर्फाच्या भांड्याशेजारी मी कुडकुडत पडले. बाहेर काढल्यावर माझ्या अंगावर दव धरलं, तेव्हा मामांनी छोटा पेचकस आणला.

"मामा, नको," लेक म्हणाली.

"अगं, नुसतं उघडून बघतो. माझ्यामुळे झालंय ना."

पहिला स्क्रू फिरला. तेवढ्यात आई पुढे आली आणि तिनं माझ्यावर आपला तळहात ठेवला. घट्ट. पेचकसाचं टोक तिच्या बोटांपाशी थांबलं. भावाकडे तिनं बघितलं, त्या बघण्यात राग नव्हता. मामांनी पेचकस खाली ठेवला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिघं मला घेऊन लांबच्या एका प्रयोगशाळेत गेले. गेलेला मजकूर परत मिळवून देणं हेच तिथलं काम होतं. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी मला कानाशी धरलं, हलकंच हलवलं.

"पडल्यावर किती वेळा चालू केलीत?"

"असेल एखाद-दोनदा," मामा म्हणाले.

"मामा," लेक म्हणाली.

"बरं, पुष्कळदा."

बाई रागावल्या नाहीत. "यापुढे कोणी चालू करायची नाही," एवढंच म्हणाल्या. "काही हाती येईल, काही येणार नाही. उघडल्याशिवाय मी शब्द देत नाही."

मला पुन्हा पांढऱ्या खोलीत नेलं. जन्मानंतर पहिल्यांदा माझं झाकण निघालं. बाईंनी माझे मोडलेले हात काढले आणि शेजारी एक दुसरी हार्ड डिस्क ठेवली. तोच कारखाना, तीच घडण. अगदी माझी जुळी बहीण. ती चांगली धडधाकट होती. मला वाटलं, सोबतीला आणली असेल. त्यांनी तिचंही झाकण उघडलं, तिचे हात सोडवले आणि मला लावले. मित्रांनो, या धक्क्यातून मी आजही सावरलेले नाही. तिचा काय दोष होता?

बाई बाहेर आल्या. "हे उसने हात किती तग धरतील सांगता येत नाही. चकतीवर चरे आहेत. आधी काय काढू ते सांगा. मागाहून काही मिळेल असं धरून चालू नका."

"आवाज," लेक म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

आईजवळ लिहायला छोटी पाटी असायची. तिनं भराभर लिहिलं, "आधी चित्रं. एवढ्या वर्षांचं काम आहे तुझं." लेकीनं ते वाचलं आणि तळहातानं पुसून टाकलं.

"चित्रं मी परत काढीन, आई. तुझा आवाज कुठून काढू?"

आई पाटी मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

मी चालू झाले. परक्या हातांनी चाचपडत, अडखळत, एकेक तुकडा देत गेले. चरा आला की बाई मला थांबवायच्या, वळसा घालून पुढे न्यायच्या. "आज हवा छान आहे." निघालं. "दार लावून घ्या." निघालं. आरशाचं वाक्य अर्धंच निघालं. आवाज जवळजवळ सगळा निघाला, चित्रांना सुरुवात झाली. एक कोल्हा निघाला, दोन कासवं निघाली, आणि माझे उसने हात थांबले. या वेळी कायमचे. बाकी चित्रं माझ्यातच राहिली. बाईंनी ते सांगितलं तेव्हा लेकीनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं.

मला मात्र तिनं तिथं टाकलं नाही, घरी आणलं.

काही आठवड्यांनी यंत्र आलं. आईनं ते टेबलावर ठेवलं, एका बोटानं टाइप केलं, बटण दाबलं.

"बाळा, दूध उतू जाईल, बघ गं."

"हो गं आई, बघतेय," आतून लेकीनं सवयीनं उत्तर दिलं.

मग स्वयंपाकघरातली हालचाल एकदम थांबली. मामांच्या हातातला पेपर तसाच राहिला. आईनं स्वतःच्या गळ्याला हात लावला, जणू तिथूनच ते शब्द निघाले होते. लेक दारात आली, पण तिला पुढे येववेना. आत दूध उतू जात होतं आणि कोणीही हलत नव्हतं.

मित्रांनो, आम्ही जाताना आधी सांगून जात नाही. ज्यांचा आवाज, ज्यांचे चेहरे तुम्हाला हवेत, ते एकट्या माझ्यासारखीवर सोडू नका. आजच आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. आणि माझ्यासारखी एखादी पडलीच, तर तिला परत परत उठवू नका. हात ठेवा आणि थांबा.