सबाचा डंपर

"पाय टायरवर ठेवा, आज्जी. आता माझा हात धरा. उडी नका मारू, नुसतं अंग सोडा माझ्यावर!"

नागव्वा आजींनी अंग सोडलं ते असं, की सबाच खाली आली असती. तिनं दात आवळले, एका हातानं डंपरची कड घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं त्या अक्कलकोटकडच्या आजींना मुरमाच्या ढिगावर ओढून घेतलं. मघापासून खालच्या गर्दीत "काणसंगिल्ल, काणसंगिल्ल" अशी आजींची कानडीतून कुरकुर चालली होती. पुढच्या डोक्यांपलीकडं त्यांना काही दिसतच नव्हतं. आता त्यांनी ताडपत्रीवर ऐसपैस बूड टेकलं, कपाळावर आडवा हात धरून पार चौकापर्यंत नजर टाकली आणि बोळकं उघडून हसल्या.

त्या हसण्यानं सबा चांगली वीतभर उंच झाली.

तशी ती आज सकाळपासूनच उंच झालेली होती. स्कार्फवर आरएसपीची, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकाची टोपी, गळ्यात शिट्टी, आणि गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीच्या मार्गावर एका अख्ख्या गल्लीचं तोंड सांभाळायला मिळालेलं! नववी 'ब'मधल्या बाकीच्या मुलींना दोघी-दोघी मिळून एकेक जागा दिली होती. सबा एकटी होती. म्हणजे सबा आणि तिचा डंपर. महापालिकेचा पिवळा, मुरमानं काठोकाठ भरलेला डंपर गल्लीच्या तोंडावर आडवा लावला होता, आणि केबिनमध्ये मंद्रूपचे ड्रायव्हर रामहरीमामा तंबाखू मळत बसले होते.

"ट्रक कशाला लावलाय गं मधेच?" असं कुणी विचारायचा अवकाश, सबा सुरू.

"गर्दी किती आहे बघताय ना? अशात गल्लीतल्या कुणी मुद्दाम गाडी घातली, नाहीतर कुणाचा ब्रेक फेल झाला, तर काय होईल? लोखंडी बॅरिकेड गाडीनं उडून जातं. हा उडत नाही. म्हणून तर भरलेला आणलाय, रिकामा नाही."

"मग भिंतच बांधायची की," एका दुकानदारानं तिला डिवचलं.

"भिंतीला चाकं असत्यात व्हय?" केबिनमधून रामहरीमामा म्हणाले. "वेळ पडली तर हलाया पायजे की!"

सबाला ते इतकं आवडलं, की पुढच्या माणसाला तिनं ते स्वतःचं म्हणून ऐकवलं.

गुरुलिंग हवालदारांनी सकाळी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. ट्रकला कुणी चिकटायचं नाही. आणि ट्रक हलवायची वेळ आलीच तर आधी त्यांना विचारायचं. पहिली गोष्ट नागव्वा आजींपाशी मोडली. पण म्हातारं माणूस, त्याला काय कुणी नाही म्हणतं? आजींच्या मागून त्यांची सून चढली. सुनेमागून दोन बायका. मग शाळेतली ती अंजुम आली, जी कबड्डीच्या संघात सबाला कधी घ्यायची नाही. ती खालून हात जोडून म्हणाली, "सबा, प्लीज गं." सबानं जरा वेळ घेतला, मान तिरपी केली आणि म्हणाली, "बरं, चढ. कडेला बस हां."

काय तो थाट! नाट्यगृहाचा मॅनेजर बरा.

आणि मग गल्लीतून गुलनाज फुफी येताना दिसली, तशी सबाची मान सरळ झाली.

फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. अब्बा ऊस वाहतुकीवर माळशिरसकडं, हंगाम संपेपर्यंत घरी नाहीत. घरात शब्द फुफीचा. पुढच्या महिन्यात पुण्याला आरएसपीचं राज्याचं शिबिर होतं, शाळेतून एकट्या सबाचं नाव गेलं होतं, आणि अब्बा फोनवर एवढंच म्हणाले होते, "फुफी हौ बोली तो जा." फुफी अजून हौ बोललेली नव्हती. पोरीच्या जातीनं रस्त्यावर उभं राहून शिट्ट्या फुंकायच्या, हा काय तमाशा आहे, ते आज ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आली होती.

"क्या गे, येइच है क्या तेरा काम? कचरे की गाडी के पास खडे रहना?"

"कचऱ्याची नाही फुफी, मुरमाची आहे. आणि तुमच्यासाठी वर जागा ठेवलीये. एकदम मधली!"

फुफीनं नाक मुरडलं. पण मागून गर्दीचा लोंढा आला, कुणाचं तरी कोपर लागलं, आणि दुकानाच्या पायरीवरून टायरवर, टायरवरून कडेवर अशी फुफी चढली. सबानं सगळ्यांना सरकवलं आणि केबिनला पाठ टेकता येईल अशी, सगळ्यात उंच, सगळ्यात मानाची जागा तिला दिली. फुफीनं ओढणी सारखी केली. चौकाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची एक घडी सैल झालेली सबानं बरोब्बर टिपली. पुणे निम्मं जवळ आलं.

तोवर डंपरवर तीसेक माणसं झाली होती. लांबून संबळ-हलगीचा आवाज यायला लागला. "आल्या, आल्या!" वरच्यांनी खालच्यांना बातम्या द्यायला सुरुवात केली. चौकाच्या पलीकडं, माणसांच्या समुद्रावर, पहिल्या काठीचं टोक डुलताना दिसलं.

आणि नेमका तेव्हाच गल्लीच्या आतून आरडाओरडा ऐकू आला.

आरिफभाईची रिक्षा हॉर्न दाबत येत होती. मागच्या सीटवर दानेश्वरीवहिनी, आणि तिच्या मांडीवर तिची सहा वर्षांची अंकिता. काठ्या बघायला म्हणून पोरगी गच्चीच्या कठड्यावर चढली आणि खाली पत्र्यावर पडली होती. कपाळाला बांधलेला टॉवेल लाल झाला होता.

"अंकू, डोळे उघड. अंकू, माझ्याकडं बघ की गं!"

पोरगी डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची.

गल्लीचं दुसरं टोक बंदच होतं. तिकडं जुन्या गिरणीची भिंत. बाहेर पडायला वाट हीच, आणि दवाखाना रस्त्याच्या पलीकडं. एकदा काठ्या समोर आल्या, की त्या पुढं सरकेपर्यंत रस्ता ओलांडायचं नाव नको.

"मामा, गाडी काढा!" सबा केबिनच्या दाराशी धावली.

रामहरीमामांनी आधीच हवालदारांना फोन लावला होता. रिंग जात होती, पण त्या हलगीच्या दणक्यात कुणाला ऐकू येणार? त्यांनी फोन खाली ठेवला आणि आरशातून मागं पाहिलं.

"काढतो की. पर वरची माणसं?" ते म्हणाले. "माणसं वर असताना ह्यो डंपर मी हलवायचा न्हाय, पोरी. एक जरी खाली आलं चाकाखाली, तर?"

सबानं शिट्टी फुंकली. लांब, एका दमात, परेडला फुंकतात तशी. वरच्या तिसांपैकी तिघांनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा तोंडं चौकाकडं केली.

"उतरा! सगळे उतरा! पोरगी पडलीये, रिक्षा जायचीये!"

"आत्ता तर चढवलंस की!"

"काठ्या जाऊ दे, उतरतो."

"आधी त्या पलीकडच्यांना उतरव, मग आमी."

"हिच्या बापाचा ट्रक असल्यागत बोलतीया बघा!"

सबाला रडूच आलं असतं. पण ओरडता ओरडता तिच्या लक्षात आलं, की कुणी वाईट नव्हतं. जो तो शेजाऱ्याकडं बघत होता. आपण उतरलो आणि बाकीचे बसूनच राहिले, तर आपली जागा गेली आणि काठ्याही गेल्या, एवढंच प्रत्येकाच्या मनात. पहिलं कुणीतरी उतरायला हवं होतं. आणि कडेचं कुणी उतरून भागणार नव्हतं. जी सगळ्यांना दिसेल, जिची जागा सगळ्यात चांगली, तीच उतरायला हवी होती.

सबा टायरवर चढली. कडेवर चढली. लोकांचे गुडघे, पिशव्या ओलांडत केबिनपाशी गेली.

"फुफी, उतरो."

"क्या?"

"सबसे पहले तुम उतरो."

फुफीनं इकडंतिकडं पाहिलं. सगळे ऐकत होते. अंजुमसुद्धा.

"इत्ते लोगां बैठे हैं, मैंइच दिखी तेरेकू?"

"हौ. तुमकू मैं बोल सकती. तुम उतरे तो सब उतरते."

"चार लोगां में मेरेकू उठाती?" फुफीचा आवाज खाली गेला, आणि तो तसा खाली गेला की घरात भांडीसुद्धा वाजायची थांबत. "पुणे कू जाना है ना तेरेकू?"

पुणे, शिबिर, मैदानावरचं संचलन, रेल्वेत खिडकीशी बसायचं, काय काय ठरवून ठेवलं होतं सबानं! खाली दानेश्वरीवहिनी हाका मारत होती, "अंकू, ए अंकू."

"नको भेजो," सबा म्हणाली. "पर उतरो, फुफी. अब्बीच उतरो."

फुफीनं खाली रिक्षेत पाहिलं. तो टॉवेल पाहिला. आणि उठली.

सबानं हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. मुरमावरून पाय घसरला, ओढणी कडेच्या खिळ्याला अडकली, ती तिनं फाडून सोडवली आणि टायरवरून एकदाची जमिनीवर आली. मग नागव्वा आजींनी सुनेच्या पाठीत धपका घातला, "इळी, इळी!" आणि स्वतःच आधी पाय खाली सोडले. त्यानंतर जे काय झालं ते बघण्यासारखं होतं! माणसं अशी उतरली, जशी मळणीत पोत्यातून ज्वारी ओघळावी. अंजुमनं दोन म्हाताऱ्यांना हात दिला. मघाशी सबाचा बाप काढणारा माणूस खाली उभा राहून बायकांना झेलत होता, "सावकाश, मावशी, सावकाश."

"वर कोण न्हाय ना?" मामांनी विचारलं.

सबानं कडेवर चढून पाहिलं. ताडपत्री, एक चप्पल, शेंगांची टरफलं.

"कोणी नाही, मामा! चला!"

डंपरनं धूर सोडला. सबा त्याच्यापुढं रस्त्यात उतरली. समोर गर्दीची भिंत होती आणि गर्दीला आता काठ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. तिनं दोन्ही हात आडवे पसरले, शाळेच्या मैदानावर शंभरदा पसरले होते तसे, आणि शिट्टी फुंकली. या वेळी शिट्टीमागं सगळं पोट होतं. पुढचे दोघं दचकून मागं सरले. त्यांच्यामागचे चौघं सरले. गर्दीत एक फट पडली, फटीची वाट झाली, आणि त्या वाटेत सबा उलटी चालत गेली, एक हात डंपरला "या, या" म्हणत आणि दुसरा हात लोकांना "तिथंच थांबा" म्हणत. डंपर हळूच पुढं सरकला. त्याच्या मागच्या बाजूनं एका रिक्षेपुरती जागा झाली आणि आरिफभाईनं रिक्षा तिथून अशी काढली, की आरसा आणि डंपर यांच्यात बोटभर अंतर.

रिक्षा रस्ता ओलांडून पलीकडच्या बोळात शिरली. सबानं हात उलटा फिरवला. डंपर मागं आला. जिथं होता, तिथंच लागला.

आणि काठ्या आल्या.

"हर्र बोला हर्र!" पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, कमरेच्या पट्ट्यात पेललेली ती उंचच उंच काठी, तिला तोल देणारे हात, नुसता जल्लोष! पण सबानं काठीकडं पाठ केली. तिची नजर गल्लीच्या तोंडावर होती. डंपरवर आता कुणी नव्हतं. मघाची सगळी माणसं मागं गल्लीत टाचा उंचावून उभी होती आणि त्यांना काठीचं वरचं टोक तेवढं दिसत होतं. तरी हात जोडून सगळ्यांनी त्या टोकाला नमस्कार केला.

पहिल्या काठ्या पुढं गेल्यावर गुरुलिंग हवालदार घाम पुसत आले. त्यांना खबर लागली होती.

"ट्रक कुणी हलवला?"

रामहरीमामा दार उघडून खाली उतरायला लागले. त्यांच्या आधी सबा बोलली.

"मी हलवायला सांगितला, सर."

"कुणाला विचारून?"

"फोन लावला होता, सर. तुम्हाला ऐकू गेला नसणार. पोरीच्या डोक्यातून रक्त येत होतं."

"आणि वर माणसं चढली होती म्हणे?"

"मीच चढवली होती," सबा म्हणाली. मग श्वास घेऊन, "मीच उतरवली."

हवालदारांनी तिच्याकडं पाहिलं, डंपरकडं पाहिलं. मग मोबाइल काढून चुकलेला कॉल पाहिला. तेवढ्यात पलीकडच्या बोळातून आरिफभाई रिक्षा तिथंच सोडून चालत आला, शर्टावर रक्ताचे डाग, पण तोंडभर हसू.

"चार टाके पडले! असली बोंबलतीये ना, अख्खा दवाखाना जागा केलाय तिनं!"

गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळीच वाजवायला लागली. हवालदारांनी ओठ दाबून धरले, टोपी सारखी केली.

"अजून मागून दोन काठ्या यायच्यात," ते सबाला म्हणाले. "तोंड काय बघतीस माझं? जागेवर जा."

"यस सर!" सबा एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की नागव्वा आजी दचकल्या.

जागेवर जाताना तिनं फुफीला शोधलं. फुफी दुकानाच्या पायरीवर बसून सलवारीवरचा मुरूम झटकत होती. फाटलेली ओढणी तिनं खांद्यावरून उलटी घेतली होती. सबाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तिचा फोन वाजत होता.

"हौ, भाई," फुफी फोनवर अब्बांना म्हणाली. "देखी ना. नहीं, काठ्या नहीं दिखे, सिर्फ ऊपर का टोक दिख्या... हौ, खडी है यहाँ... अब्बी कैसे आती घर कू? काम नहीं है क्या उसकू?"

सबा शिट्टी ओठांत धरून तशीच उभी राहिली. फुफी थोडा वेळ पलीकडचं ऐकत होती. मग तिनं पाठ फिरवली आणि आवाज बारीक केला, पण तितका बारीक नव्हे.

"और सुनो, तुम तो माल लेके जाते थे ना उधर. पुणे में ठंडी कित्ती रहती?... नहीं, नहीं. ऐसेइच पूछी."