गाजर मागनं शिजतं

दवाखान्यातून घरी आणल्यापासून रत्नाच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "न्हाई." उजवं अंग लुळं पडलं, त्याच्यासंगं बोलणंही गेलं. पाणी हवं असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सगळं कळतंय, फक्त मनातला शब्द जिभेवर येत नाही. तिच्या नवऱ्याला, चिमाजीला वाटायचं, कळत नसतं तर एक वेळ बरं झालं असतं. मग तिनं त्याच्याकडं असं बघितलं नसतं.

शिनोलीतल्या बायाबापड्या आळीपाळीनं मऊ भात आणून द्यायच्या. रत्ना दोन घास कसेबसे गिळायची आणि तोंड भिंतीकडं फिरवायची. अंगावरचं लुगडं सैल झालं होतं. चिमाजी नुसता बघत बसायचा.

त्या दिवशी घोडेगावच्या बाजारात त्याला लाल सालीची रताळी दिसली. थंडी पडली की रत्ना रताळं, बटाटा नि गाजराच्या फोडी कढईत परतायची. हिरवी मिरची, मीठ, दाण्याचा कूट आणि शेवटी गुळाचा खडा. गोड लागतंय म्हणेपर्यंत जीभ झोंबायची. स्वतः कढई खरवडून खायची ती. चिमाजीनं तिन्ही जिनसा पिशवीत टाकल्या. चहापलीकडं त्यानं जन्मात काही शिजवलं नव्हतं.

स्वयंपाकघर दिसेल अशी त्यानं तिची खाट ओढून घेतली, पाठीशी उशा लावल्या.

"तू सांगत जा, मी करतो," तो बोलून गेला आणि जीभ चावली.

वेड्यावाकड्या फोडी झाल्या. शेगडीवर कढई तापली.

"एवढं तेल पुरं?"

"न्हाई."

त्यानं आणखी ओतलं. "आता?"

"न्हाई."

पुढं काय विचारावं त्याला कळेना. मिरच्या तडतडल्या, ठसका उठला. त्यानं ताटातल्या सगळ्या फोडी एकदम उचलल्या, तशी रत्ना ओरडली, "न्हाई! न्हाई! न्हाई!" डाव्या हातानं ती खाटेची कड बडवू लागली. डोळे मोठे झाले होते.

"अगं, न्हाई भाजत मला! जपून टाकतोय," तो म्हणाला आणि ताट कढईत रिकामं केलं.

रत्नाचा हात थांबला. तिनं डोळे मिटले.

झाकण ठेवून वाफ आणली, कूट पेरला, गूळ घातला. रताळं बोटानं दाबून बघितलं, लोण्यासारखं झालं होतं. चिमाजीला लई दिवसांनी बरं वाटलं. त्यानं बशीत काढून, फुंकर घालून पहिला घास भरवला. तिनं तो चघळला. दुसऱ्या घासासाठी तिनं आपणहून तोंड उघडलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

तिसऱ्या घासाला तिला ठसका लागला. साधा नव्हे. चेहरा लालबुंद झाला, घशातून नुसती घरघर येऊ लागली. चिमाजी बशी हातात धरून तसाच उभा. पाणी द्यावं का पाठ चोळावी, काही सुचेना.

"अहो धावा, कुणीतरी धावा!" तो ओरडला.

शेजारची प्रयागबाई धावत आली. तिनं रत्नाला पुढं वाकवलं, पाठीत थापा दिल्या. गाजराची कचवट फोड बाहेर पडली. रत्ना धापा टाकत आडवी झाली.

प्रयागबाईनं कढईत डोकावून बघितलं. "भावजी, गाजर आधी टाकायचं व्हतं. ते मागनं शिजतं. समदं एकदम टाकलं व्हय?"

चिमाजी खाली बसला.

"ती सांगत व्हती," तो म्हणाला. "वरडून सांगत व्हती मला."

प्रयागबाईनं रताळं-बटाटा तेवढा वेचून बोटांनी कुस्करला आणि चिमटीचिमटीनं भरवला. रत्नानं बऱ्यापैकी खाल्लं. आज चार घास पोटात गेले, असं सांगून प्रयागबाई घरी गेली.

उरलेली गाजरं चिमाजीनं कढईत पाणी घालून पुन्हा शेगडीवर ठेवली. किती वेळ लागतो त्याला ठाऊक नव्हतं. पाठीमागून रत्ना बघत असणार, हे त्याला कळत होतं. पण वळून तिला विचारायचा धीर झाला नाही. तो चमच्यानं एकेक फोड टोचत राहिला.