शेगडीचे तीस ओहम

शर्मिष्ठाने ओव्हनचा ट्रे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात सरकवला. मग ओव्हनची वायर गोळा करून ती सुतळीने बांधू लागली, तेवढ्यात देवदत्त स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"श्रुतिकाला देऊन टाकते. तिच्याकडे बोरिवलीला जागा आहे." तिने मान वर केली नाही. "रोज घरात अंधार करून बसायचं, त्यापेक्षा बरं."

दोघांनी साठी ओलांडल्यावर लग्न केलं आणि शर्मिष्ठा मुलुंडच्या या घरात आली, ती दोन बॅगा आणि हा ओव्हन घेऊन. पहिला नवरा गेल्यावर याच ओव्हनमध्ये नानकटाया भाजून, त्या विकून तिने मुलीला, श्रुतिकाला शिकवलं होतं. इथे मात्र पाचच्या सुमाराला ती ओव्हन लावायची, त्याच वेळी कॉफीसाठी शेगडी लागायची आणि थोड्या वेळात एमसीबी पडून घरभर अंधार व्हायचा. देवदत्तांचा मुलगा सौरभ फोनवर सहज बोलून गेला होता, "बाबा, आधी तर कधी असं होत नव्हतं." त्यात वाकडं काही नव्हतं, पण ते वाक्य शर्मिष्ठाला कुसळासारखं टोचत राहिलं.

शेगडीचं नाव कोणी काढलं नव्हतं. ती विमलाची, देवदत्तांच्या पहिल्या बायकोची. घरात गॅस असूनही कॉफी त्या विजेच्या शेगडीवरच व्हायची. विमला असताना, आणि ती गेल्यावरही. एका वेळी एकच लावू या, एवढंसुद्धा शर्मिष्ठाच्याने म्हणवलं नव्हतं.

"बांधू नकोस," देवदत्त म्हणाले. "आधी मोजू."

"त्यात काय मोजायचंय?"

"कोण किती खातंय ते."

देवदत्तांची सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला गेली होती. माळ्यावरून त्यांनी विजेचा प्रवाह मोजायचा टाँगटेस्टर काढला, नवे सेल घातले. एक्स्टेन्शन बोर्डाच्या केबलचं वरचं आवरण सोलून आतली एकच तार त्याच्या चिमट्यात धरली. व्होल्टेज दोनशे तीस भरलं. शर्मिष्ठाने वायरची सुतळी सोडून ओव्हन लावला.

"साडेआठ अँपिअर. दोनशे तीस गुणिले साडेआठ..."

"एकोणीसशे पंचावन्न," ती पटकन म्हणाली.

"वॅट. कंपनीने दोन हजार लिहिलेत. तुझा ओव्हन सरळ आहे."

मग शेगडी. कॉइल लाल झाली. देवदत्तांनी आकडा वाचला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाचला.

"साडेसात."

"म्हणजे?"

"म्हणजे सव्वासतराशे वॅट! अगं, ही हजाराची शेगडी आहे." ते स्टूल ओढून बसले. "दोनशे तीस भागिले साडेसात. तीस ओहम. हजार वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स त्रेपन्नच्या आसपास हवा. मधले वीस-बावीस ओहम गेले कुठे?"

शेगडी थंड झाल्यावर त्यांनी पकडीने कॉइल खाचांतून अलगद सोडवली. जागोजागी जोड होते. तुटलेली टोकं एकमेकांत पिळून घट्ट बसवलेली.

"हे कोणी केलं?" शर्मिष्ठाने विचारलं.

"मीच. तुटली की जळकं टोक कापायचं, उरलेली ताणून बसवायची. नवी आणतो म्हटलं की विमला म्हणायची, कशाला, ही चालतेय की." त्यांनी एका जोडावरून बोट फिरवलं. "दर वेळी तार आखूड होत गेली. तार आखूड, रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, की एमसीबी पडला. साधी गोष्ट."

"म्हणजे दूध लागतं ते त्यामुळे!" शर्मिष्ठा एकदम म्हणाली. "मला वाटायचं, माझंच लक्ष नसतं. तुम्हाला दिसू नये म्हणून पातेलं घाईघाईने घासून ठेवायचे मी."

"मला माहीत होतं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? विमलाचंही लागायचं. मला वाटायचं, कॉफी अशीच असते."

ती हसली आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

देवदत्त स्टेशनजवळच्या दुकानातून नवी कॉइल घेऊन आले. शेगडीचा आकडा आता साडेचार अँपिअरच्याही आत थांबला. त्या संध्याकाळी ओव्हन आणि शेगडी एकत्र लागली. नानकटाया भाजून निघाल्या तरी दिवा लुकलुकलासुद्धा नाही. देवदत्तांनी लगेच सौरभला फोन लावला. "ओव्हनचा काही दोष नव्हता रे. उगीच बिचाऱ्याला बोल लागला." ते मुद्दाम मोठ्याने बोलत होते, आत ऐकू जावं म्हणून.

शर्मिष्ठाने कॉफी आणली. देवदत्तांनी एक घोट घेतला, थांबले, पुन्हा एक घेतला.

"छान झालीये," ते म्हणाले. दोन नानकटाया त्यांनी आवडीने खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. कप मात्र अर्धा तसाच राहिला. शर्मिष्ठाने तो उचलला, क्षणभर त्यात पाहिलं आणि आत नेला.

दुसऱ्या दिवशी दूध तापायला ठेवून ती शेगडीपाशीच उभी राहिली. दूध वर आलं, तशी तिने सांडशीने पातेलं उचललं, वर आलेलं दूध फुंकून खाली बसवलं आणि पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. असं दोन-तीनदा केलं. तळाशी बारीक चुरचुर ऐकू आली, करपल्याचा हलका वास सुटला, तेव्हा कुठे तिने बटण बंद केलं.

"या हो," तिने बाहेर हाक मारली. "कॉफी झाली."