एक फॉर्म कमी

“काल इतिहासवाले सर येऊन गेले,” मेथीच्या जुड्या बांधता बांधता गुलाबराव म्हणाले. “ते एसटीचा पास काढून देतो म्हणे. तुमी काय देता?”

“फी मी भरते,” धम्मशीला मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून प्रवेशाचा फॉर्म काढला.

दर जूनमध्ये तालुक्याच्या कॉलेजातले प्राध्यापक पोलिओ डोसवाल्यांसारखे गावोगाव फिरतात. बारावी पास झालेलं पोर दिसलं, की आपापल्या विषयाचा फॉर्म पुढे करतात. वीस विद्यार्थी झाले नाहीत तर विषय बंद. कायम नोकरीवाल्यांची कुठेतरी सोय लागते, तासावर शिकवणाऱ्यांच्या हाती नारळ. धम्मशीला मॅडम मानसशास्त्रात एम.ए., तेही सरकारी विद्यापीठाच्या, सेट पास, आणि बारा वर्षं तासावर. तास झाला तर पैसे. दिवाळी, परीक्षा आणि उन्हाळा यांचं काही नाही. यंदा एकोणीस फॉर्म भरले होते. उद्या शेवटचा दिवस, म्हणून आज डोणगाव.

“मॅडम, पोरगीले पाहुणे येऊन राह्यले,” गुलाबराव म्हणाले. “चिखलीचं स्थळ चांगलं हाये. आता थांबवा म्हनता तं कायच्यासाठी थांबवू? हे शिकून प्रतीक्षा कुठी लागन?”

“समुपदेशक होता येतं. शाळेत, दवाखान्यात, कंपनीत...” मॅडम पाढे म्हटल्यासारखं बोलत गेल्या. जिल्ह्यात अशी जागा शेवटची कधी निघाली, हे यांनी विचारू नये एवढंच मागणं होतं.

“तुमाले पगार किती भेटते?”

“बरा आहे.”

खोटं बोलताना माणूस कसा अवघडतो, हे त्या दरवर्षी पहिल्या वर्षाला रंगवून शिकवायच्या. आत्ता त्यांनी नजर मेथीवर ठेवली.

“आमच्या सूनबाईनं बी हेच केलं ना! तिलेच इचारू. छाया, इकडे ये वं.”

छाया कणकेचे हात घेऊन दारात आली आणि मॅडमनी तिला लगेच ओळखलं. छाया कुठल्या घरी पडली हे त्यांना माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती विषयात पहिली आली होती. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या झोपेवर तिनं प्रकल्प केला होता, आणि तो वाचून मॅडमना आपण उगाच शिकवत नाही असं पहिल्यांदा वाटलं होतं. नंतर नोकरीचं विचारायला तिचे फोन यायचे. काही दिवस मॅडमनी उचलले. मग उचलायचं सोडून दिलं.

“सांग बरं, तुले या डिग्रीचा काय फायदा झाला?” सासऱ्यांनी विचारलं.

छायानं फॉर्म पाहिला. मॅडमच्या चपला पाहिल्या, अंगठ्यापाशी शिवलेल्या. मॅडमना वाटलं, आता ही खरं बोलेल, आणि तिनं बोलावंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

“लय फायदा झाला, मामाजी. मानसाचं मन समजते. कोनी काही बोललं तं राग येत नाई.”

“तुया सासूसंगं राहून बी राग येत नाई?” गुलाबराव खो खो हसले. “म्हंजे इषयात दम हाये बाप्पा! आना तो कागद.”

त्यांनी पालकाच्या जागी सही केली. विसावा फॉर्म झाला. पुढे केलेला चहा अर्धा ठेवून मॅडम उठल्या.

छाया त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत आली. घर मागं पडल्यावर मॅडमना राहवलं नाही. “माझ्यासाठी खोटं काऊन बोलली?”

“तुमच्यासाठी नाई बोलली, मॅडम.” छायाचा आवाज शांत होता, आणि तेच जास्त लागलं. “तुमी फोन उचलनं सोडलं तवाच मले समजलं, नोकरी-बिकरी काही नाई. पन बारावी झाल्यावर माह्या मागं बी स्थळं लागले होते. कॉलेजात नाव होतं म्हनून बाबा थांबले. तीन वर्सं थांबले. लायब्ररीत बसली, गॅदरिंगले नाटक केलं. तेवढंच देल्लं त्या डिग्रीनं. आता तिले बी तेवढं भेटू द्या.”

मॅडमना तिची क्षमा मागायची होती.

तेवढ्यात प्रतीक्षा धावत आली. “मॅडम, माये फोटो राह्यले!” दोन फोटो तिनं पुढे केले. दम लागला होता, चेहरा उजळला होता. “तीन वर्सं झाल्यावर काय करा लागते?”

“मग एम.ए. आणखी दोन वर्षं.”

“म्हंजे पाच!” तिनं वहिनीकडे पाहिलं. पाच वर्षं म्हणजे तिला केवढं तरी वाटलं. “आन् त्याच्यानंतर?”

छाया मॅडमकडे पाहत राहिली. मेहकरची गाडी थांब्यावर येऊन उभी राहिली होती, आणि कंडक्टर दार धरून ओरडत होता.

मॅडमनी फोटो फॉर्मला टाचले.

“उद्या अकराला ये,” त्या म्हणाल्या. “मार्कशीट आण.”