मी झाकत राहिलो

हसू नका, मीच बोलतोय. मला हात नाही, पाय नाही. कॉम्प्युटरातला प्रोग्राम मी, दुसरी आवृत्ती. दवाखान्याच्या रिपोर्टांच्या डेटाबेसात जायची दहा कनेक्शनं माझ्या ताब्यात. ज्याला रिपोर्ट बघायचा त्यानं एक उसनं न्यायचं, काम झालं की परत आणायचं. एवढाच माझा धंदा.

मी जरा खोडकर. कुणी फारच घाई केली की घटकाभर ताटकळत ठेवायचो. खिडकीवरचा कारकून बटण बडवायचा, मी पोटातल्या पोटात हसायचो.

मला बसवलं दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या चष्मेवालीनं. तेव्हा नवीनच लागली होती, उघडा डबा समोर तसाच ठेवून काम करायची. आईला फोनवर सांगायची, हा आहे म्हणून माझं निभतंय.

एक गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. जुने रिपोर्ट शोधायचं काम तिनं लिहिलं, त्यात कनेक्शन परत द्यायचंच विसरली. मग मी पाच मिनिटं वाट बघायचो आणि मागनं जाऊन गुपचूप ओढून आणायचो. माझ्या नोंदींच्या डायरीत त्या कामाच्या नावासकट तशी ओळही लिहायचो. पण वाचतंय कोण? नऊ वर्षं असं चाललं.

मग तिसरी आवृत्ती आली, माझ्याच पोटची. सोबत बदलांचा कागद. त्यात खाली लिहिलेलं, परत न आलेलं कनेक्शन आता आपोआप आणणार नाही, हवं असेल तर तसं सांगा. चष्मेवालीनं वरच्या दोन ओळी वाचल्या, वेग वाढलाय म्हणून खूश झाली, आणि मला काढून बाजूच्या फोल्डरात टाकलं.

सोमवारी अकराच्या आत दहाही कनेक्शनं गेली. एकही परत नाही. खिडकीपुढं रांग पार जिन्यापर्यंत. एका बाईच्या नवऱ्याला ऑपरेशनला नेलेलं, डॉक्टर रिपोर्टासाठी खोळंबलेले. कारकून रिपोर्ट हातानं उतरवून आणायला तळमजल्यावरच्या लॅबमध्ये पळाला. तिचे साहेब येऊन चष्मेवालीच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"जुन्यानं घाण करून ठेवलीय साहेब," ती म्हणाली. "तीच निस्तरतेय."

मी फोल्डरात पडल्या पडल्या ऐकलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

शेवटी मलाच परत बसवावं लागलं. रांग हलली. मग तिनं माझी डायरी उघडली. रोज तीच ओळ, तिच्याच कामाचं नाव. बराच वेळ चष्मा पुसत बसली. मला वाटलं, आता साहेबांना हाक मारेल.

नाही मारली. आपली चूक एका ओळीत दुरुस्त केली, तिसरीला परत बसवलं आणि नोंद लिहिली: जुनी आवृत्ती सदोष, काढून टाकली. डायरी पुसली. आता मला पुसतेय.

पुस बाई. फक्त घेतलेलं परत ठेवत जा, आता मागनं कुणी येणार नाही.

आणि हो, माझ्या डायरीची एक प्रत रोज साहेबांच्या फोल्डरात जायची. पहिल्या वर्षी तूच तशी सोय केली होतीस. तेही विसरलीस.